गणपतीच्या नावावरची चार पुस्तकं

आमच्या घरातलं पुस्तकांचं खातं गणपतीच्या नावावर होतं आणि ते मी बंद पाडलं.

गणपती म्हणजे शेजारचे कोणी गणपतराव नव्हेत. साक्षात विघ्नहर्ता! नाव: श्री गणेश. आडनाव: प्रसन्न. जन्मतारीख: १ जून. पत्ता: आमचाच, टार्निट, मेलबर्न. खातं काढलं माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यातली चारही पुस्तकं होती बंदुकीची काडतुसं भरण्याविषयीची. क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन कराल.

पुण्या-मुंबईहून विमानं भरभरून विद्यार्थी ऑस्ट्रेलियात उतरत होते, त्या लाटेत आम्हीही आलो. म्हणजे माझी बायको केतकी शिकायला आली आणि मी तिच्या व्हिसावर आलो. कागदावर माझा हुद्दा ‘डिपेंडंट’ असा स्वच्छ छापलेला होता. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि फक्त ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ मला पुढे बरीच वर्षं पुरलं.

केतकी युनीत, म्हणजे विद्यापीठात, जायची आणि मी मिळेल ते काम करायचो. त्यातलं एक काम होतं रविवारी एका रायफल क्लबच्या बाहेर सॉसेजेस भाजण्याचं. (मी शाकाहारी. दोन वर्षं चिमट्याने सॉसेजेस उलटली, चव आजतागायत माहीत नाही.) तिथला सेफ्टी ऑफिसर ब्रायन. सत्तरीचा, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे, बोलणं अगदी कमी. एका रविवारी तो म्हणाला, “मेट, चिमटा ठेव. ही धरून बघ.” आणि माझ्या हातात रायफल दिली. मी गोळी झाडली. ती कुठे गेली ते अजून कोणाला कळलेलं नाही, पण मला नाद लागला तो लागलाच! पुढे आमचं पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आलं, टार्निटला घर झालं. मग मी रीतसर कोर्स केला, परवाना काढला, गॅरेजमध्ये लोखंडी तिजोरी बसवली आणि क्लबच्या सगळ्यात खालच्या गटातला सगळ्यात खालचा नेमबाज झालो.

अशात आप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासूबाई केतकीच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबल्या होत्या. आप्पा पुण्याच्या एका दारूगोळा कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं काडतुसं तपासली, खोक्यांवर शिक्के मारले. जावयाच्या नोकरीत, पगारात, पोहे करण्यात त्यांना कधी रस वाटला नव्हता. पण गॅरेजमध्ये मी वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांचा डबा उघडला आणि आप्पा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसले.

“मंदारराव, ह्या फेकत नाही तुम्ही?”

“नाही आप्पा. इथे बरेच जण त्या साफ करून घरीच परत भरतात. मलाही शिकायचंय.”

“घरी? काडतूस? घरी?”

“मोदक भरतात तसं,” केतकी आतून ओरडली. “रिकाम्या पाऱ्या, आत सारण. फक्त ह्यात मोदकपात्राऐवजी विमा लागतो!”

आप्पांच्या डोळ्यांत चमक आली. त्या दिवशी संध्याकाळी, कधी नव्हे ते, ते माझ्याशी मन मोकळं करून बोलले. म्हणाले, “चौतीस वर्षं माल पास केला. पण माझ्या हाताखालून गेलेली एकही गोळी उडताना मी पाहिली नाही. चाचणीचं डिपार्टमेंट वेगळं. आमचं काम खोकं बंद झालं की संपलं. पुढे ती उडाली की फुसकी निघाली, देव जाणे.” मग म्हणाले, “एकदा कागदाला भोक पडलेलं बघायचं होतं.”

मी म्हटलं, “आप्पा, तुम्ही जायच्या आत बघाल. आपण भरलेली गोळी आणि कागदाला भोक. शब्द दिला!”

(शब्द देताना माणसाने आपला नेम लक्षात घ्यावा.)

आता ह्या कामाचा पहिला नियम असा की पुस्तकाशिवाय काही करायचं नाही. कुठल्या नळीत कुठली दारू किती, हे सगळं तक्त्यांत दिलेलं असतं. आठवणीतून भरायचं नाही, ऐकीव भरायचं नाही, अंदाजे तर मुळीच नाही. पुस्तक टेबलावर उघडं पाहिजे. आमच्या क्लबचा त्यावर आणखी एक नियम: घरी भरलेली काडतुसं पहिल्यांदा स्पर्धेत आणायची असतील तर सेफ्टी ऑफिसर घरी येणार, टेबल बघणार, पुस्तक बघणार, मग सही करणार. ब्रायनच्या भाषेत, “नो बुक, नो लोड.”

ब्रायनचं स्वतःचं पुस्तक मी क्लबात पाहिलं होतं. मी घेणार होतो त्यातलंच एक, नव्या आवृत्तीचं, पण चहाचे डाग, पाठीला चिकटपट्टी, कोपरे कुत्र्याने खाल्लेले. मी त्याला हसून म्हटलं होतं, “ब्रायन, हल्ली हे सगळं टॅबलेटवर मिळतं, मेट. मी चारच्या चार पुस्तकं डिजिटल घेतोय.” ब्रायन “गुड ऑन या,” म्हणजे शाब्बास, म्हणाला आणि आपल्या पुस्तकावरचा चहा बाहीने पुसत राहिला.

ऑनलाइन दुकानात खातं काढायचं तर आप्पा म्हणाले, “फॉर्म मी भरणार. फॉर्म भरण्यात तुमच्या पिढीचा हात कच्चा आहे.” मी टॅबलेट त्यांच्याकडे दिला आणि चहा टाकायला गेलो. परत आलो तर खातं तयार! पहिल्या ओळीत, जिथे माणसाने आपलं नाव लिहायचं, तिथे आप्पांनी कुठल्याही कोऱ्या कागदाच्या डोक्यावर लिहितात तसं ‘श्री गणेश प्रसन्न’ लिहिलं होतं.

“आप्पा, हे नाव टाकायचं होतं!”

“नाव खाली येईल ना. आधी देवाचं. वहीचं पहिलं पान, दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, वर काय असतं?”

खाली नावाची जागाच नव्हती. मशिनने श्री गणेशला नाव आणि प्रसन्नला आडनाव समजून पुढे ढकललं. पुढे सुरक्षेचे तीन प्रश्न होते. आईचं माहेरचं आडनाव? आप्पांनी लिहिलं, ‘एन.ए.’ म्हणजे लागू नाही. पाळीव प्राण्याचं नाव? ‘एन.ए.’ आवडते शिक्षक? ‘एन.ए.’

“फॉर्मात जागा रिकामी सोडायची नाही,” आप्पा म्हणाले. “लागू नाही तिथे एन.ए. चौतीस वर्षांत माझा एक फॉर्म परत आला नाही.” जन्मतारखेला मात्र मशीन एन.ए. घेईना, म्हणून त्यांनी १ जून टाकली होती. त्यांच्या गावच्या मास्तरांनी निम्म्या वर्गाला तीच दिली होती म्हणे, तेव्हा देवालाही चालेल.

कार्ड माझं होतं, ते चाललं. चारही पुस्तकं आली. उघडलं की वर झळकायचं, ‘वेलकम बॅक, श्री गणेश!’ आप्पा दर वेळी हात जोडायचे.

मग आमचं वाचन सुरू झालं. परवाना माझा, त्यामुळे हात माझे. आप्पांनी कशालाही बोट लावायचं नाही, असं ब्रायनने बजावलं होतं. आप्पा गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, भोवती नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी ‘दादा, रूम मिळेपर्यंत राहू दे’ म्हणून ठेवलेल्या अकरा सुटकेसा आणि दोन कुकर. ते पोथीसारखं एकेक ओळ मोठ्याने वाचायचे आणि मी ती परत म्हणायची. चुकलं तर पान पहिल्यापासून! चारही पुस्तकं पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत झाल्याशिवाय दारूचा डबा उघडायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. पाच महिने झाले. आमच्याकडे जगातल्या सगळ्यात स्वच्छ रिकाम्या नळ्या होत्या आणि भरलेलं काडतूस एकही नव्हतं. पण खरं सांगू का, मजा येत होती. केतकी म्हणायची, “मला कधी एवढा वेळ दिला नाही आप्पांनी.” (आप्पांना ते ऐकू यायचं नाही. क्लबातून आणलेला, आवाज अडवणारा कानावरचा जाड मफ त्यांना इतका आवडला होता की ते घरात दिवसभर लावून बसत.)

शेवटी वाचन संपलं. पुढच्या आठवड्यात बुधवारी आप्पांचं परतीचं विमान होतं. त्याआधीच्या रविवारी क्लबची स्पर्धा, आणि आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ब्रायन टेबल तपासायला येणार. सगळं कसं जमून आलं होतं.

आणि मंगळवारी मला अक्कल सुचली.

माझ्या मनात आलं, शनिवारी ब्रायन टॅबलेट बघणार आणि वर ‘वेलकम बॅक, श्री गणेश’ दिसणार. विचारेल, हा कोण? आता ब्रायनला काय सांगू? त्यापेक्षा आपलं नाव घालून टाकावं, दोन मिनिटांचं काम! मी सेटिंगमध्ये गेलो. श्री गणेश पुसलं. प्रसन्न पुसलं. त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. देवाला उठवलं आणि मी बसलो! वर शहाणपणा असा की जन्मतारीखही बदलली.

टॅबलेटवर एक चक्र फिरलं. मग अक्षरं आली: संशयास्पद बदल आढळल्याने आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. चारही पुस्तकांची मुखपृष्ठं एकामागून एक करडी झाली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे शाळेत शंभरदा लिहिलं होतं. बैल असा डोळ्यांदेखत रिकामा झालेला पहिल्यांदाच पाहिला.

“काय हो,” दारातून आप्पा म्हणाले, “पुस्तक उघडा. उजळणी करू.”

“सर्व्हर डाउन आहे, आप्पा.” पटकन तोंडातून निघून गेलं.

“कधी वर येणार?”

“येईल… संध्याकाळपर्यंत.”

कारखान्याच्या माणसाला मशीन बंद पडण्याचं काही वाटत नाही. पण ते परत कधी चालू होणार, हे तो दर तासाला विचारतो. आप्पांनी विचारलं. दर तासाला! बुधवारी मी केतकीला कोपऱ्यात घेऊन खरं सांगितलं. ती आधी पाच मिनिटं हसली, मग तिला परिस्थिती कळली, मग माझ्यावर आग पाखडली.

“अरे, पाच महिने त्यांनी ह्या रविवारची वाट बघितलीय! फोन कर दुकानाला. आत्ताच्या आत्ता. स्पीकरवर टाक.”

आप्पा मफ लावून बागेत मॅगपाय पक्ष्यांची शिस्त तपासत होते. मी फोन लावला. ग्रेस नावाची फार गोड बाई आली.

“खातं मिस्टर प्रसन्ना यांचं आहे. मी त्यांच्याशी बोलू शकते का?”

“ते… सध्या उपलब्ध नाहीत.”

“कधी उपलब्ध होतील?”

“भाद्रपदात म्हण!” केतकी कुजबुजली.

“ते ह्याच पत्त्यावर राहतात ना?”

मी आमच्या देवघराकडे बघितलं. “हो. तसे इथेच असतात.”

“मग त्यांना फोन द्याल का?”

“ते बोलत नाहीत.”

ग्रेसचा आवाज एकदम मऊ झाला. “आय ॲम सो सॉरी. ते हयात नाहीत का?”

“नाही नाही! म्हणजे आहेत! आहेतच!” केतकीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शेवटचं ‘आहेतच’ किंकाळीत गेलं.

ग्रेसने काही नोंदवल्याचा आवाज आला. मग तिने सुरक्षेचे तीन प्रश्न विचारले. मी तिन्हींना छातीठोकपणे ‘एन.ए.’ म्हटलं. तिन्ही उत्तरं बरोबर निघाली! आणि त्यामुळेच तिचा संशय पक्का झाला. ज्या माणसाला आई नाही, कुत्रं नाही आणि शिक्षक नाही, तो माणूस खरा नसतो, असं त्यांच्या नियमात आहे म्हणे. मिस्टर श्री गणेश प्रसन्ना यांचं सरकारी फोटो ओळखपत्र पाठवा, मग बघू.

“पण पुस्तकं आम्ही विकत घेतलीत!” केतकी फोनमध्ये घुसली.

“मॅडम, तुम्ही पुस्तकं नाही, पुस्तकं वाचण्याचं लायसन्स विकत घेतलंत. हॅव अ लव्हली डे.”

म्हणजे बंदुकीचा परवाना माझा, गाडीचा परवाना माझा, आणि वाचायचा परवाना गणपतीचा! मी नवीन खातं काढलं, कार्ड तेच म्हणून तेही बंद झालं. केतकीच्या कार्डावर काढलं, पत्ता तोच म्हणून तेही बंद झालं. बंदुकीच्या दुकानात कागदी पुस्तक विचारलं, तर म्हणे मागवून देतो, दोन आठवडे लागतील. ब्रायनकडे मागावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण त्याचं चहा प्यायलेलं पुस्तक आठवलं, माझं हसणं आठवलं, आणि फोन परत खिशात गेला.

गुरुवारी सकाळी बुडत्याला काडी सापडली. टार्निटमध्ये दर दुसऱ्या घरात आपले विद्यार्थी. त्यात एकही गणेश नसेल? एखादा सापडला तर त्याचं ओळखपत्र पाठवू, आडनावाचं पुढे बघू! मी आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘गणेश नावाचं कोणी आहे का? अर्जंट. फोटो आयडीसह घरी यावे.’

मला वाटलं एखादा येईल. त्या काळात विद्यार्थ्यांना नोकऱ्यांचा असा दुष्काळ होता की ‘अर्जंट’ आणि ‘आयडी’ हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की त्याला जाहिरात समजत. दुपारी कामावरून आलो तर दारात चपला-बुटांचा ढीग! सात गणेश आले होते. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, हातात बायोडेटा घेऊन. आत हॉलमध्ये आप्पा खुर्चीत बसून मुलाखती घेत होते.

“शिक्षण?”

“एम.टेक., सर.”

“सध्या काय करता?”

“कांदे चिरतो, सर. रेस्टॉरंटमध्ये.”

“अनुभव?”

“बारीक आणि उभा, दोन्ही, सर.”

कोपऱ्यातला एक मुलगा मला बघून उठला. “भैया, मैं विघ्नेश हूँ, चेन्नई से. विघ्नेश चलेगा क्या?” त्याच्यामागचा लातूरचा होता. तो म्हणाला, “दादा, माझं नाव सचिन आहे, पण बदलायला तयार आहे.”

केतकी कढईभर पोहे घेऊन आली आणि जाता जाता दात ओठ खात म्हणाली, “सांग आता आप्पांना. नाहीतर मी सांगते.”

पोहे खाऊन, सुटकेसा ठेवायला जागा आहे का ते विचारून सगळे गणेश गेले. (सुटकेसा आता पंधरा झाल्या.) मी आप्पांसमोर उभा राहिलो. वाटलं, मफ असेल कानावर, अर्धंच ऐकू जाईल. नेमका त्याच दिवशी तो मुलाखतींसाठी काढून ठेवला होता.

मी सगळं सांगितलं. नाव बदलल्याचं, सर्व्हरचं, ग्रेसचं. आप्पा ऐकत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे दुसऱ्याचा कागद दाखवून माल सोडवणार होतात,” ते म्हणाले.

“हो, आप्पा.”

“हं.”

तेच! व्हिसावरचं ‘हं’! पाच महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं. आप्पा उठून आपल्या खोलीत गेले आणि आम्हाला बॅग भरल्याचा आवाज आला. विमानाला सहा दिवस होते. मी रात्री जेवलो नाही. (केतकीच्या मते दोनदाच वाढून घेतलं.) पण वाईट फार वाटलं, हे खरं. त्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, एक भोक, आणि मी लाजेपायी ती घालवली.

शनिवारी सकाळी ब्रायनची युट, मागे उघड्या हौद्याची गाडी, दारात लागली. मी तोंड पाडून गॅरेजचं शटर वर केलं. आणि आतून आप्पा आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत एक जाडजूड लाँगबुक. ब्राउन पेपरचं कव्हर, वर हळदकुंकू.

“बुक,” आप्पांनी ते ब्रायनच्या हातात दिलं.

आप्पांनी पाच महिने दुपारी झोपतोय असं सांगून पुस्तकातले तक्ते हाताने उतरवून काढले होते! एकेक आकडा, लाल रेघा, वळणदार अक्षर. मला हुरूप आला. मी ब्रायनकडे बघितलं. ब्रायन वही उलटी करून बघत होता. मग सुलटी. मग परत उलटी.

“मेट,” तो हळूच म्हणाला, “हे कुठल्या भाषेत आहे?”

सगळं मराठीत होतं. आकडेसुद्धा!

“मी वाचून दाखवतो, ब्रायन,” मी घाईघाईने म्हटलं. “सही कर तू. प्लीज.”

“नो,” ब्रायन म्हणाला.

“नो,” आप्पाही म्हणाले. दोघांचं एकदमच झालं. आप्पा माझ्याकडे वळले. “नक्कल ती नक्कल, मंदारराव. मूळ प्रत समोर नसेल तर मी असतो तरी पास केलं नसतं. मी ही मूळ प्रतीशी ताडून बघायला आणलीय.” मग ब्रायनकडे वळून, कारखान्याच्या पत्रव्यवहारातल्या इंग्रजीत, “मिस्टर ब्रायन, काइंडली लेंड युअर बुक अँड डू द नीडफुल.”

“शुअर. नो वरीज,” ब्रायन म्हणाला, युटकडे गेला आणि ते चहाचं पुस्तक घेऊन आला.

बस! एवढंच होतं! चार दिवस मी जे एक वाक्य गिळून बसलो होतो, ते सासऱ्यांनी सात सेकंदांत मागून टाकलं.

मग ते दोघं म्हातारे प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसले. ब्रायनने पुस्तकातला आकडा इंग्रजीत वाचायचा, आप्पांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून “करेक्ट” म्हणायचं. तासभर करेक्ट, करेक्ट चाललं. केतकीने दोनदा चहा दिला. (एक डाग पुस्तकावर नवीन पडला.) आणि मग एका ओळीवर आप्पांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“इथे माझा चुकलाय,” ते म्हणाले. “एक आकडा.”

त्यांचा चेहरा उतरला. ब्रायनने वहीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “दॅट्स वाय, मेट. नो बुक, नो लोड.” आप्पांनी मान हलवली, लाल पेनने तो आकडा खोडला आणि शेजारी सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मंदारराव, बघितलंत? चूक झाली की खोडायची आणि सही करायची. सर्व्हर डाउन आहे म्हणायचं नाही.”

मी कानाला हात लावला. ब्रायनने आमच्या कागदावर सही केली. त्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, ब्रायनचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवून मी दहा काडतुसं भरली. आप्पांनी प्रत्येक आकडा दोनदा म्हणवून घेतला. दहावं झाल्यावर ते म्हणाले, “माल पास.” बॅग अर्धी भरलेली होती ती तशीच राहिली.

रविवारी वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. मी सहा नंबरच्या जागेवर, माझ्या शेजारी सातवर ब्रायन, आणि मागे, पिवळ्या रेषेच्या पलीकडे, कानाला मफ लावून, क्लबच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेले आप्पा. दुर्बीण माझ्या सहा नंबरच्या कागदावर रोखलेली. मी श्री गणेशाची मनोमन माफी मागितली आणि पहिली गोळी झाडली.

मागे वळून बघितलं. आप्पांनी मान हलवली. नाही.

दुसरी. नाही. तिसरी. नाही. पाचव्या गोळीला आप्पांनी दुर्बिणीची काच पुसली. आठव्या गोळीला केतकीने त्यांच्यासाठी आणलेला शिरा स्वतःच खायला घेतला. दहाही गोळ्या ठणठणीत उडाल्या, एक फुसकी निघाली नाही. पण सहा नंबरचा कागद दुकानातून आणला तसा कोरा! आप्पा दुर्बिणीला डोळा तसाच लावून बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग सगळे थांबले, झेंडा वर गेला, कागद आणले गेले. ब्रायन आपला सात नंबरचा कागद हातात घेऊन उभा राहिला आणि मोजायला लागला. परत मोजलं. टोपी मागे सारली.

“मी दहा झाडल्या,” तो म्हणाला. “इथे वीस भोकं आहेत.”

सगळा क्लब माझ्याकडे बघायला लागला. मी भीतीने सारखा मागे वळून आप्पांकडे बघत होतो ना! पुढे वळताना दर वेळी डोळा शेजारच्या कागदावर जाऊन बसत होता. दहाच्या दहा गोळ्या मी इमानेइतबारे ब्रायनच्या कागदावर झाडल्या होत्या. नियमाप्रमाणे मला शून्य गुण. पण आता भोकं तर सगळी सारखीच, ब्रायनची कुठली आणि माझी कुठली, हे ठरवणार कोण?

“एक मिनिट,” मागून आवाज आला. आप्पांनी मफ काढला, कागद हातात घेतला, उजेडात धरला. चौतीस वर्षांची नजर!

“ही मधोमध एका जागी दहा, ती मिस्टर ब्रायन यांची,” आप्पा म्हणाले. “आणि ही गावभर हिंडणारी दहा, ती आमची.”

मग त्यांनी एका भोकात करंगळी घातली. आरपार. ती हळूच फिरवली आणि हसले. मी आप्पांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, केतकीनेही नाही. “भोक पडलं,” ते म्हणाले. “केतकी, हे बघ. आमची गोळी. पडलं भोक!” ब्रायन म्हणाला, “कीप इट, मेट,” आणि कागदाच्या कोपऱ्यात सही करून दिली.

खातं आजही बंद आहे. दर १ जूनला दुकानाकडून न चुकता मेल येतो, ‘हॅपी बर्थडे, श्री गणेश!’ मी लगेच हात जोडतो. काडतुसं भरताना कागदी पुस्तक वापरतो, आणि त्यावर चहाचे डाग पाडायचं काम नेमाने चालू आहे.

तो कागद आप्पांनी पुण्याला नेला. फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय, आल्या-गेल्याला पहिला तोच दाखवतात. सर्वात वर आप्पांच्या वळणदार अक्षरात ‘श्री गणेश प्रसन्न’. खाली: दारूगोळा निर्दोष. तपासणारे, दोघांच्या सह्या. पाहुणे भोकं बघतात, वा वा म्हणतात आणि कौतुकाने विचारतात, “पण गोळ्या झाडल्या कोणी?”

आप्पा फॉर्मात जागा कधी रिकामी सोडत नाहीत. ते शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात.

नेमबाजाचे नाव: एन.ए.